विश्लेषण : ‘बॅलन्स आउट’ होणे म्हणजे काय? नुकसान भरून निघते, की नुसता हिशेब जुळतो?

पगारवाढीचा हंगाम आहे. समजा, कार्यालयातून आलेल्या ई-मेलमध्ये एक ओळ आहे : ‘द लोअर इन्क्रीमेंट विल बी बॅलन्स्ड आउट बाय द न्यू इन्सेंटिव्ह.’ वाचणाऱ्याला ‘बॅलन्स’ माहीत आहे, ‘आउट’ही माहीत आहे. पण दोन्ही शब्द एकत्र आले की तो थबकतो. पगारवाढीतली कसर इन्सेंटिव्हने भरून निघणार, की इन्सेंटिव्ह मिळतोय म्हणून पगारवाढच ‘आउट’? आणि अर्थ नीट कळला तरी पुढचा प्रश्न उरतोच. कसर खरोखर भरून निघणार का?

पगारापासून पावसापर्यंत आणि क्रिकेटच्या समालोचनापासून हवामान बदलाच्या चर्चेपर्यंत सगळीकडे हा शब्दप्रयोग कानावर पडतो. त्याचा अर्थ काय, वाक्यात तो कसा वापरायचा आणि तो ऐकल्यावर सावध कधी व्हायचे, हे समजून घेऊ.

‘बॅलन्स आउट’चा अर्थ काय?

मोबाइलचा बॅलन्स संपतो, खात्यात बॅलन्स राहत नाही, अशी भाषा आपल्या सवयीची आहे. त्यामुळे ‘बॅलन्स आउट’ म्हणजे ‘शिल्लक संपली’ असे वाटू शकते. प्रत्यक्षात अर्थ तसा नाही. दोन विरुद्ध गोष्टी एकमेकींच्या तोडीस तोड होणे, एकीची कसर दुसरीने भरून निघणे, म्हणजे ‘बॅलन्स आउट’ होणे.

उदाहरणार्थ, दुकानात सोमवारी गिऱ्हाईक नव्हते आणि शनिवारी तुडुंब गर्दी झाली. आठवड्याचा गल्ला नेहमीएवढाच भरला. अशा वेळी म्हणायचे, ‘इट बॅलन्स्ड आउट’.

इंग्रजीत क्रियापदाला आउट, अप, ऑफ असे छोटे शब्द जोडून नवे अर्थ तयार होतात. त्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. इथल्या ‘आउट’चा बाहेर जाण्याशी संबंध नाही. ‘सॉर्ट आउट’, ‘वर्क आउट’, ‘इव्हन आउट’ यांत तो एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेल्याची, तिचा निकाल लागल्याची छटा देतो. ‘बॅलन्स आउट’मध्येही तेच घडते : वर-खाली होत होत अखेर तराजू स्थिरावला.

हा शब्द आला कुठून?

‘बॅलन्स’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘लॅन्क्स’ म्हणजे ताट किंवा पारडे. ‘बायलॅन्क्स’ म्हणजे दोन पारड्यांचा तराजू. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. म्हणजे या शब्दाच्या पोटात सुरुवातीपासून दोन बाजू आहेत.

मग त्याला ‘शिल्लक’ हा अर्थ कसा चिकटला? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. खात्याच्या एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या नसतील, तर जी रक्कम मांडल्यावर त्या सारख्या होतात ती ‘बॅलन्स’, म्हणजेच बाकी. मोबाइलमधला बॅलन्स हा त्याच वहीचा वारस आहे : भरलेले पैसे आणि खर्च झालेले पैसे यांतला फरक.

मराठीत त्याला काय म्हणायचे?

एकच ठरावीक प्रतिशब्द सांगता येत नाही, पण मराठीतली एक जोडी जवळपास नेमकी बसते : ‘भरून निघणे’ आणि ‘भरून काढणे’. पहिल्यात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कुणीतरी किंवा काहीतरी ती घडवून आणते. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ ‘बॅलन्स आउट’ एकटाच सांभाळतो.

● ‘द गुड डेज अँड द बॅड डेज बॅलन्स आउट.’ बरे दिवस आणि वाईट दिवस शेवटी सारखे होतात.

● ‘हर मॅथ्स मार्क्स बॅलन्स्ड आउट द लो स्कोअर इन हिस्टरी.’ गणितातल्या गुणांनी इतिहासातली कसर भरून काढली.

पहिल्या वाक्यात कर्माची गरज नाही, दुसऱ्यात कर्म आहे. संदर्भानुसार ‘तोल साधणे’, ‘हिशेब जुळणे’, ‘समसमान होणे’ हेही चालते. दोन व्यक्तींमधली देणी-घेणी चुकती झाली, तर मराठीत ‘फिट्टंफाट’ असा झकास शब्द आहे. मात्र त्यासाठी इंग्रजीत ‘वुई आर क्विट्स’ किंवा ‘वुई आर इव्हन’ म्हणतात, ‘वुई बॅलन्स आउट’ नव्हे.

वाक्यात वापरताना काय लक्षात ठेवायचे?

● काळ बदलला की ‘बॅलन्स’ बदलतो, ‘आउट’ तसाच राहतो : बॅलन्सेस आउट, बॅलन्स्ड आउट, बॅलन्सिंग आउट.

● कर्म नाम असेल तर ते ‘आउट’च्या आधी किंवा नंतर कुठेही येते. ‘बॅलन्स आउट द लॉस’ आणि ‘बॅलन्स द लॉस आउट’ ही दोन्ही वाक्ये बरोबर.

● कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे. ‘बॅलन्स इट आउट’ बरोबर, ‘बॅलन्स आउट इट’ चूक. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिताना इथे हमखास घसरायला होते.

● कर्मणी प्रयोगात कसर भरून काढणाऱ्या गोष्टीआधी सहसा ‘बाय’ येतो. ई-मेलमधले वाक्य याच घडणीचे आहे.

● बोलताना जोर ‘आउट’वर द्यायचा.

याच घराण्यातल्या काही शब्दप्रयोगांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. ‘आउट ऑफ बॅलन्स’ म्हणजे असमतोल, अगदी उलट अर्थ. ‘ऑफ बॅलन्स’ म्हणजे तोल गेलेला. ‘ऑन बॅलन्स’ म्हणजे साधक-बाधक विचार करता. ‘हँग इन द बॅलन्स’ म्हणजे निकाल टांगणीला लागलेला असणे.

‘कॅन्सल आउट’ आणि ‘बॅलन्स आउट’ एकच का?

नाही. फरक समजायला चिंच-गुळाची आमटी पुरेशी आहे. चिंचेचा आंबटपणा गूळ ‘बॅलन्स आउट’ करतो. पण आंबट चव नाहीशी होत नाही. जिभेला आंबटही कळते, गोडही कळते, फक्त एक चव दुसरीवर कुरघोडी करत नाही.

‘कॅन्सल आउट’मध्ये दोन गोष्टी एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. आवाज कमी करणारे इअरबड्स बाहेरच्या आवाजाच्या लहरींना तंतोतंत उलट्या लहरी तयार करतात. दोन्ही एकमेकींवर पडल्या की कानापर्यंत पोहोचणारा आवाज कमी होतो. हे ‘कॅन्सल आउट’.

‘इव्हन आउट’ म्हणजे चढ-उतार कमी होऊन सपाट होणे, जसे भाज्यांचे भाव स्थिरावणे. ‘मेक अप फॉर’मध्ये झालेल्या चुकीची किंवा उणिवेची भरपाई करण्याचा भाव असतो. ‘ऑफसेट’ हा शब्द हिशेबात, करांच्या आणि पर्यावरणाच्या भाषेत अधिक दिसतो.

आकडे ‘बॅलन्स आउट’ झाले, असे वाटते तेव्हा...

इथून या शब्दाची अवघड बाजू सुरू होते. ऐकायला सारखे वाटणारे आकडे दर वेळी एकमेकांना पुरे पडतातच असे नाही.

१०० रुपयांचा शेअर ५० टक्के पडला, मग ५० टक्के वाढला. जमले? नाही. पडल्यावर तो ५० रुपयांवर आला. त्याचे ५० टक्के म्हणजे २५ रुपये. हातात आले ७५. मूळ किंमत गाठायला त्याला १०० टक्के वाढावे लागेल. उतरताना टक्केवारी १०० रुपयांवर मोजली आणि चढताना ५० रुपयांवर. मापच बदलले.

दुसरे उदाहरण प्रवासाचे. १२० किलोमीटर जाताना वाहतूक कोंडीमुळे ताशी ४० किलोमीटरचा वेग मिळाला, येताना ६० चा. सरासरी ५० वाटते. पण जायला ३ तास लागले, यायला २ तास. २४० किलोमीटरला ५ तास म्हणजे सरासरी वेग ताशी ४८. संथ वेगाने आपण जास्त वेळ चाललो, म्हणून ते पारडे जड झाले.

विजेच्या थ्री फेज जोडणीतले उदाहरण आणखी बोलके आहे. तिन्ही फेजवर समान आणि एकाच प्रकारचा भार असेल, तर न्यूट्रलच्या तारेतला प्रवाह शून्य होतो, कारण तिन्ही प्रवाह तिथे एकमेकांना पुरे पडतात. पण म्हणून वीज वापरलीच नाही असे होत नाही. मोटार फिरते, मीटर पळतो, बिल येते. बेरीज शून्य आली म्हणजे काही घडलेच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘शेवटी सगळे बॅलन्स आउट होतेच’ हे खरे का?

क्रिकेटमध्ये सलग ५ वेळा नाणेफेक हरलेल्या कर्णधाराबद्दल ‘आता नशीब फिरणार’ असे सर्रास म्हटले जाते. यामागे कल्पना अशी की निसर्ग हिशेब ठेवतो आणि उधारी फेडतो. नाणे मात्र मागचे काहीच लक्षात ठेवत नाही. सहाव्या नाणेफेकीतही जिंकण्याची शक्यता तेवढीच, निम्मी.

मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल येईलच’ म्हणत खेळणारे लालवर पैसे लावत गेले आणि गमावत गेले. या समजुतीला ‘गॅम्बलर्स फॅलसी’, म्हणजे जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात.

मग ‘दीर्घकाळात सरासरी गाठली जाते’ हा गणिताचा नियम खोटा का? तो खराच आहे. स्विस गणिती याकोब बर्नुली यांनी केलेली त्याची मांडणी १७१३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मात्र तो नियम प्रमाणाबद्दल बोलतो, फरकाबद्दल नाही.

नाणे १०० वेळा उडवले, तर छाप्यांची संख्या ५० पासून साधारण ५ ने इकडे-तिकडे सरकणे स्वाभाविक आहे. १०,००० वेळा उडवले, तर ५,००० पासून साधारण ५० ने. प्रमाणात चूक ५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. प्रत्यक्ष अंतर मात्र ५ वरून ५० वर गेले! जुनी तूट भरून निघालेली नसते. नवे आकडे इतके वाढतात की त्यांच्यापुढे ती किरकोळ दिसू लागते.

पावसाची सरासरी भरली, मग शेतकरी का रडतो?

महाराष्ट्रात या शब्दप्रयोगाचा सर्वांत महाग धडा पाऊस देतो. जून ते सप्टेंबर या काळात देशात पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर आहे. १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून ती काढली आहे. पाऊस या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला, की भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार देशाचा मान्सून ‘सामान्य’ ठरतो.

हवामान विभागाच्या नकाशावर राज्याचे चार उपविभाग दिसतात : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. उपविभागासाठी सामान्याचा पट्टा आणखी रुंद आहे. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढ्या टप्प्यातला पाऊस सामान्यच गणला जातो.

आता समजा, सारखीच सरासरी असलेल्या दोन तालुक्यांपैकी एकात १३० टक्के पाऊस झाला आणि दुसऱ्यात ७० टक्के. दोघांचा मिळून आकडा येतो बरोबर १०० टक्के. कागदावर ‘बॅलन्स आउट’. पण पहिल्या तालुक्यातले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत उतरत नाही. एकीकडे पीक पाण्याखाली, दुसरीकडे टँकर.

काळाचेही तसेच. समजा, एका गावात जुलैत २०० मिलिमीटर पाऊस अपेक्षित होता, पडला ६०. सप्टेंबरमध्ये अपेक्षा १५० ची, पडला २९०. दोन महिन्यांची बेरीज अपेक्षेइतकीच, ३५०. आकड्यांत तूट भरून निघाली. शेतात काय झाले? जुलैत सोयाबीनची रोपे पाण्यासाठी ताटकळली, दुबार पेरणीची वेळ आली. सप्टेंबरमध्ये शेंगा भरत आणि पक्व होत असताना पाणी साचले. नंतर आलेल्या पावसाने आधीचे नुकसान भरून काढले नाही, त्यात दुसऱ्या नुकसानीची भर घातली.

म्हणून ‘राज्यात पावसाने सरासरी गाठली’ ही बातमी खरी असतानाच गावातला शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत असू शकतो. यात खोटे कुणीच बोलत नसते. एकाची बेरीज राज्याची असते, दुसऱ्याची आपल्या बांधापुरती.

‘नेट झिरो’तही हाच शब्द?

होय. जेवढे हरितगृह वायू वातावरणात सोडायचे तेवढेच शोषून घ्यायचे, म्हणजे उत्सर्जन ‘बॅलन्स आउट’ करायचे, ही ‘नेट झिरो’ची कल्पना. उत्सर्जन आणि शोषण यांतला समतोल साधण्याचे उद्दिष्ट २०१५ च्या पॅरिस करारातही आहे. भारताने ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये त्यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले.

इथेही वेळेचा प्रश्न येतो. जाळलेल्या कोळशाचा धूर आज हवेत जातो. त्याच्या बदल्यात लावलेले रोप तेवढा कार्बन शोषायला अनेक वर्षे घेते, आणि मध्येच ते वाळले किंवा वणव्यात जळले तर हिशेब पुन्हा उघडा पडतो.

मग ‘बॅलन्स आउट’ ऐकल्यावर काय विचारायचे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत.

● कशासमोर काय ठेवले आहे? दोन्ही पारड्यांतल्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या आहेत का?

● किती काळात? आजचे नुकसान भरून निघायला किती दिवस लागतील, आणि तोवर तग धरता येईल का?

● कुणासाठी? तोटा एकाचा आणि नफा दुसऱ्याचा असेल, तर बेरीज शून्य येऊनही पहिल्याच्या हाती काही पडत नाही.

सुरुवातीच्या ई-मेललाच हे प्रश्न लावून पाहू. समजा, महिन्याला ४०,००० रुपये पगार आहे. १० टक्के वाढीची अपेक्षा होती, मिळाली ५ टक्के. म्हणजे दरमहा २,००० रुपये, वर्षाला २४,००० रुपये कमी. बदल्यात ‘कमाल २४,००० रुपये इन्सेंटिव्ह’ मिळणार आहे. आकडे तंतोतंत जुळले.

पण वाढलेला पगार दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमा होतो, इन्सेंटिव्ह टार्गेट पूर्ण झाले तरच. पुढच्या वर्षीची टक्केवारी पगारावर मोजली जाईल : ४४,००० च्या १० टक्के आणि ४२,००० च्या १० टक्के यांत पुन्हा २०० रुपयांचा फरक पडतो, आणि तो दर वर्षी वाढत जातो. मूळ वेतनाशी जोडलेल्या भविष्य निर्वाह निधीसारख्या रकमांवरही परिणाम होऊ शकतो. आणि ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ ‘त्याहून जास्त नाही’ एवढाच, ‘नक्की तेवढे’ असा नाही.

तेव्हा या ई-मेलला ‘ओके, नोटेड’ असे उत्तर पाठवण्याआधी एक ओळ लिहिता येईल : ‘विल द इन्सेंटिव्ह फुली बॅलन्स इट आउट, ऑर ओन्ली इफ द टार्गेट्स आर मेट?’ इन्सेंटिव्ह ही कसर पूर्ण भरून काढेल, की टार्गेट पूर्ण झाले तरच? वाक्य सभ्य आहे, व्याकरण चोख आहे, ‘इट’ही मध्येच, जिथे हवे तिथे आहे. आणि उत्तर लेखी मिळेल.